विसांबाहेरचं अमिनो आम्ल प्रथिनात बसवताना: इलेक्ट्रोडपासून जेलपर्यंत

अमिनो आम्लाची बाटली मागवण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: ‘माझ्या प्रथिनाला अमुक काम करायचं आहे आणि नेहमीच्या वीस अमिनो आम्लांनी ते होत नाही, कारण...’ हे वाक्य पुरं होत नसेल तर पुढचं वाचायची घाई नाही. बऱ्याच वेळा पृष्ठभागावर एक सिस्टीन घातलं की भागतं. ते सोन्याला धरतं, मॅलेइमाइडशी (सिस्टीनला पकडणाऱ्या रासायनिक गटाशी) जोडता येतं आणि खर्च एका प्रायमरजोडीचा. सिस्टीन अपुरं पडतं ते ठरावीक ठिकाणी. प्रथिनात आधीच चार-पाच सिस्टीनं असली तर नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे रसायनाला कळत नाही. एन्झाइममध्ये तांबं असलं तर सिस्टीन तेच धरून बसतं. आणि कधीकधी हवा असलेला रासायनिक गट विसांत नसतोच: अझाइड, कीटोन, बेन्झोफिनोन, बायपिरिडिन. कॅटेकॉलही त्यातलाच. शिंपले तो टायरोसीनपासून घडवतात, पण प्रथिन तयार झाल्यानंतर.

मी इथे मुख्य उदाहरण इंधनघटाच्या कॅथोडवर बसवायच्या लॅकेस या तांबं असलेल्या एन्झाइमचं घेतो. पदार्थांचा, म्हणजे जेल आणि चिकटद्रव्यांचा, भाग शेवटी येईल. तिथली गणितं वेगळी आहेत.

युक्ती काय आहे

कोडॉन म्हणजे जनुकातला तीन अक्षरांचा शब्द. ६४ कोडॉनपैकी ६१ अमिनो आम्लांचे आणि ३ थांब्याचे. त्या तिघांतला यूएजी (डीएनएत टीएजी), ज्याला अँबर म्हणतात, तो इ. कोलाय या जीवाणूमध्ये सर्वांत कमी वापरात आहे. तिथे रायबोसोमने (प्रथिन विणणाऱ्या यंत्राने) थांबू नये, आपलं आम्ल टाकून पुढे जावं, एवढीच मागणी. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: यूएजी वाचणारा, आम्ल वाहून आणणारा टी-आरएनए आणि त्याच्यावर आपलंच आम्ल चढवणारं एन्झाइम, म्हणजे सिंथेटेज. या जोडीने पेशीच्या स्वतःच्या जोड्यांत नाक खुपसायचं नाही, आणि पेशीनेही हिच्यात नाही.

पीटर शुल्ट्झ यांच्या गटाने १९८९ मध्ये परीक्षानळीत हे दाखवलं, तेव्हा टी-आरएनएवर आम्ल रासायनिक पद्धतीने चढवावं लागत होतं. २००१ मध्ये त्याच गटाने मिथॅनोकाल्डोकॉकस जॅनाशी या आर्कियाची टायरोसीनची जोडी बदलून जिवंत इ. कोलायमध्ये ते साधलं. दुसरं मोठं घराणं पायरोलायसीनचं. मिथॅनोसार्सिनामध्ये निसर्गाने यूएजीवर बाविसावं अमिनो आम्ल आधीच बसवलेलं आहे, हे २००२ मध्ये उघड झालं. आपण ज्याला ‘अनैसर्गिक’ युक्ती म्हणतो ती एका सूक्ष्मजीवाची नित्याची सवय निघाली. ढोबळ नियम असा: टायरोसीनसारखी सुगंधी वलयाची आम्लं हवी असतील तर जॅनाशीची जोडी घ्या, लायसीनसारखी लांब शेपटीची हवी असतील किंवा सस्तन पेशींत काम करायचं असेल तर पायरोलायसीनची.

स्वतः नवं सिंथेटेज घडवायच्या भानगडीत पहिल्या प्रकल्पात पडू नका. पॅरा-अझिडोफिनाइलअॅलनीनसाठी (पुढे ‘अझिडो-आम्ल’) पी-इव्हॉल नावाचं तयार प्लाझ्मिड (पेशीत घालायचं डीएनएचं छोटं वलय) मिळतं, त्यात जोडीचे दोन्ही भाग आहेत. सिंथेटेज घडवणं हा वर्षभराचा वेगळा उद्योग आहे.

जागा निवडणं: वेळ इथे घालवा

लॅकेस ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन देऊन त्याचं पाणी करतं. इलेक्ट्रॉन आत शिरतो तो टी-१ नावाच्या तांब्याच्या अणूतून, मग पलीकडच्या तीन तांब्यांच्या गुच्छाकडे जातो. इलेक्ट्रोडपासून टी-१ किती दूर आहे यावर सगळं अवलंबून. प्रथिनातून इलेक्ट्रॉन उडी मारतो त्याचा वेग अंतर वाढेल तसा झपाट्याने पडतो: सुमारे १.७ अँगस्ट्रॉम वाढले की दहापट कमी. निसर्गातल्या साखळ्यांत दोन केंद्रांतलं अंतर १४ अँगस्ट्रॉमच्या आत असतं, हे पेज, मोझर आणि डटन यांनी १९९९ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून एन्झाइम पृष्ठभागावर कसंही पडलं तर बहुतेक रेणू पाठ फिरवून बसतात आणि वीज देत नाहीत. आपण टी-१ जवळ अझाइड बसवून त्यानेच प्रथिन इलेक्ट्रोडला जोडतो ते या पाठमोऱ्या रेणूंना तोंड फिरवायला लावण्यासाठी.

उदाहरणासाठी स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जीवाणूचं छोटं लॅकेस घ्या. ते इ. कोलायमध्ये बनतं, त्याची स्फटिकरचना उपलब्ध आहे. बुरशीची लॅकेसं किंवा अॅस्परजिलसचं ग्लुकोज ऑक्सिडेज यांच्या मोहात पडू नका. त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या असतात आणि इ. कोलायमध्ये ती बहुधा गुठळ्या होऊन बसतात. एन्झाइमच नीट बनत नसेल तर अनैसर्गिक आम्लाने ते सुधारणार नाही.

रचना पडद्यावर उघडून टी-१ तांब्याभोवतीचे, पाण्याला उघडे असलेले अवशेष, म्हणजे साखळीतली अमिनो आम्लं, शोधा. त्यांतून पाच-सहा उमेदवार निवडा. उत्क्रांतीत न बदललेले अवशेष टाळा. ग्लायसीन आणि प्रोलीनही सोडा, त्यांच्या जागी मोठं वलय आलं की साखळी वाकडी होते. टायरोसीन, फिनाइलअॅलनीन, लायसीन अशी मोठी आम्लं जिथे आहेत त्या जागा बऱ्या. हे लॅकेस तीन एकसारख्या उपएककांचं आहे आणि तांब्यांचा गुच्छ दोन उपएककांच्या सांध्यात बसतो. त्यामुळे सांध्याजवळची जागा बिघडली तर सगळंच मोडतं. शिवाय एक बदल केला की प्रत्येक रेणूवर तीन अझाइड येतात, हे पुढच्या गणितात धरा. रचना संगणकाच्या भाकितातून घेतली असेल तर बरीच भाकितं धातू दाखवत नाहीत. तांब्याची जागा जवळच्या नातलग प्रथिनावरून ताडून पाहा.

एकच जागा निवडून थांबू नका. कागदावरची सर्वोत्तम जागा प्रत्यक्षात तिसरी-चौथी निघते, हा माझा अनुभव आहे.

जनुकाची तयारी

निवडलेल्या कोडॉनच्या जागी टीएजी घाला. जनुकाचा खरा शेवट टीएए करा. तो टीएजी राहिला तर तिथेही आपलं आम्ल बसेल आणि शेपूट वाढेल. टीएजीच्या लगेच पुढचं अक्षर ए किंवा जी असेल तर रायबोसोम थांबण्याचं प्रमाण कमी होतं. पुढचा कोडॉन समानार्थी बदलून हे साधता येत असेल तर करा. हिस्टिडीनची शेपटी कार्बॉक्सी टोकाला लावा, कारण टीएजीवर थांबलेल्या अर्धवट प्रथिनाला मग शेपटीच नसेल आणि ते शुद्धीकरणाच्या, ही शेपटी धरून ठेवणाऱ्या निकेल स्तंभात अडकणार नाही. ही एक गोष्ट नंतरचे चार दिवस वाचवते.

एक-दोन जागांसाठी इ. कोलायचा नेहमीचा वाण बीएल२१ (डीई३) पुरे. तिथे आरएफ-१ हा थांबवणारा घटक आपल्या टी-आरएनएशी स्पर्धा करतो आणि उत्पादन घटतं, पण चालतं. जागा जास्त असतील तर सी३२१ डेल्टा-ए हा वाण पाहा. २०१३ मध्ये त्याच्या जीनोममधले ३२१ टीएजी कोडॉन टीएएने बदलून आरएफ-१ काढून टाकला गेला. मात्र मूळ वाणात टी-७ पॉलिमरेज नसतं, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेलं नेहमीचं पीईटी प्लाझ्मिड तसंच उचलून चालणार नाही. तो वाढतोही सावकाश. त्याच्या अंगात आधीपासून कोणत्या प्रतिजैविकांचा प्रतिरोध आहे ते प्लाझ्मिड निवडण्याआधीच बघा. २०१९ मध्ये आलेल्या सिन६१ मध्ये १८,२१४ कोडॉन बदलून तीन कोडॉन पूर्ण मोकळे केले आहेत. देखणं काम, पण पहिल्या लॅकेससाठी त्याची गरज नाही.

आधी हिरवा दिवा

लॅकेसला हात लावण्याआधी सुपरफोल्डर जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या १५० व्या जागी टीएजी असलेलं प्लाझ्मिड त्याच पेशींत घाला आणि दोन नळ्या चालवा, एक अझिडो-आम्लासह आणि एक त्याच्याविना. पहिली हिरवी चमकली आणि दुसरी जवळपास काळी राहिली तर जोडी चालते. दोन्ही चमकल्या तर सिंथेटेज टायरोसीन किंवा फिनाइलअॅलनीन चढवतंय. दोन्ही काळ्या राहिल्या तर आधी अॅराबिनोज (सिंथेटेजचं जनुक चालू करणारी साखर) आणि प्रतिजैविकं तपासा, नंतर अमिनो आम्लाची बाटली.

आम्लाविना असलेल्या नळीत थोडी चमक दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. योग्य आम्ल मिळालं की सिंथेटेज चुकीची आम्लं बरीच सोडून देतं. शेवटची शुद्धता मास स्पेक (रेणूचा भार मोजणारं यंत्र) सांगेल. पण ही आम्लाविना नळी प्रत्येक वेळी चालवायचीच. ती नसलेले निकाल मी वाचतो, पण मानत नाही.

कल्चर

अझिडो-आम्लाचा रेणुभार २०६. म्हणजे १ लिटर कल्चरमध्ये १ मिलिमोलर हवं तर २०६ मिलिग्रॅम लागतं. महाग प्रकरण आहे, म्हणून सुरुवात ५० मिलिलिटरने करा. १०० मिलिमोलरचा साठा ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ताजा बनवा, नुसत्या पाण्यात ते नीट विरघळत नाही. बाटलीला फॉइल गुंडाळा, कारण अझाइडला प्रकाश सोसत नाही.

३७ अंश सेल्सिअसला ६०० नॅनोमीटरवरची घनता ०.६ च्या आसपास आली की आम्ल आणि ०.०२ टक्के अॅराबिनोज घाला. अर्ध्या तासाने लॅकेसचं जनुक चालू करायला ०.५ मिलिमोलर आयपीटीजी. मग तापमान २५ अंशांवर आणून रात्रभर, अंधारात. माध्यमात ग्लुकोज घालू नका, ते अॅराबिनोजचा प्रवर्तक दाबून ठेवतं आणि सिंथेटेज पुरेसं बनत नाही. मोठ्या प्रमाणावर जाताना आम्ल वाचवायचा जुना उपाय आहे: पेशी मोठ्या आकारमानात वाढवा, सेंट्रिफ्यूज करून खाली बसवा, ताज्या माध्यमाच्या लहान आकारमानात पुन्हा घ्या आणि आम्ल तिथे टाका. प्राणवायू मात्र कमी पडू देऊ नका.

सोबत तीन कल्चर हवीत: आम्लासह, आम्लाविना आणि टीएजी नसलेलं मूळ लॅकेस. मूळच्या तुलनेत २० ते ५० टक्के उत्पादन आलं तर समाधान माना.

शुद्धीकरण, आणि डीटीटीची गोष्ट

सवयीने बफरमध्ये डीटीटी घालणारे हात इथे आवरायचे. डीटीटी आणि टीसीईपी ही दोन्ही क्षपणकं (प्रथिनातले सल्फरचे बंध तोडणारी रसायनं) अझाइडचं अमीन करतात. मी एकदा दुसऱ्याने बनवून ठेवलेला बफर लेबल न वाचता वापरला. प्रथिन सुरेख शुद्ध झालं, जेलवर एकच पट्टा, आणि अझाइडला अल्काइनशी जोडणारी क्लिक अभिक्रिया शून्य. तीन आठवडे मी अल्काइनला दोष देत होतो.

दुसरी खबरदारी सोडियम अझाइडची. साठवणीच्या बफरमध्ये बुरशी येऊ नये म्हणून ते घालतात, पण ते लॅकेसचं कार्य रोखतं आणि पुढे अझाइडशी जोडायच्या ताणलेल्या अल्काइनलाही खाऊन टाकतं. प्रथिनावरचं सेंद्रिय अझाइड वेगळं, ते तांब्याला असं विष होत नाही.

निकेल स्तंभानंतर कॉपर सल्फेट घालून तांबं भरा आणि मग जादा तांबं डायलिसिसने पूर्ण काढा. उरलेलं मोकळं तांबं पुढे इलेक्ट्रोडवर स्वतःच ऑक्सिजनशी खेळतं आणि खोटा प्रवाह देतं. टी-१ भरलं की द्रावण निळं दिसतं आणि ६०० नॅनोमीटरच्या आसपास शोषण येतं. एबीटीएस (लॅकेसने ऑक्सिडाइझ केलं की रंगीत होणारं रसायन) वापरून ४२० नॅनोमीटरवर वेग मोजा. मूळ लॅकेसच्या निम्म्याहून कमी वेग आला तर ती जागा सोडा, दुसरा उमेदवार घ्या.

मास स्पेक: इथे सूट नाही

अखंड प्रथिनाचा भार मोजा. फिनाइलअॅलनीनच्या जागी अझिडो-आम्ल आलं तर भार ४१ डाल्टनने वाढतो, टायरोसीनच्या जागी आलं तर २५ ने. अपेक्षेपेक्षा २६ डाल्टन कमी असलेलं शिखर दिसलं तर अझाइडचं अमीन झालंय. थोडं अमीन मास स्पेकच्या आतही तयार होतं, म्हणून त्या शिखराची उंची डोळे झाकून धरू नका. रंगद्रव्य लावलेलं सायक्लोऑक्टाइन (ताणलेल्या वलयाचं अल्काइन) जोडून किती टक्के प्रथिन खरोखर प्रतिसाद देतं तेही मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जागेची खात्री ट्रिप्सिनने तुकडे करून, त्या एका तुकड्याचं मास स्पेक पाहून होते.

इलेक्ट्रोडवर चढवणं

तांब्याने चालणारी क्लिक अभिक्रिया इथे नको. तिला बाहेरून तांबं आणि अॅस्कॉर्बेट लागतं, आणि दोन्ही लॅकेसच्या तांब्यांशी घोळ घालतात. डीबीसीओ हे सायक्लोऑक्टाइन घ्या, ते तांब्याविना चालतं. कार्बन नॅनोनलिकांवर कार्बॉक्सिल गट असतील तर डीबीसीओ-अमीन ईडीसी या जोडणाऱ्या रसायनाने जोडा, धुवा आणि मग लॅकेस घालून ४ अंशांना रात्रभर ठेवा. ही अभिक्रिया सावकाश चालते, म्हणून प्रथिन पुरेसं दाट हवं. जोडणारी साखळी आखूड निवडा. लांब साखळीवर प्रथिन डोलत राहतं आणि जागा निवडताना वाचवलेले अँगस्ट्रॉम तिथे वाया जातात.

डीबीसीओ मोकळ्या सिस्टीनशीही सावकाश जोडलं जातं आणि प्रथिनं कार्बनला नुसतीही चिकटतात. म्हणून अझाइड नसलेलं मूळ लॅकेस त्याच पृष्ठभागावर, तेवढाच वेळ, तेवढ्याच सांद्रतेने ठेवा. दोन्ही इलेक्ट्रोड डिटर्जंटच्या सौम्य द्रावणाने धुवा. मग चक्रीय व्होल्टामेट्री (व्होल्टेज वरखाली करत प्रवाह मोजणं), एकदा नायट्रोजनमध्ये आणि एकदा ऑक्सिजनमध्ये. मध्यस्थ रसायन (इलेक्ट्रोडपासून एन्झाइमपर्यंत इलेक्ट्रॉन वाहून नेणारं) न घालता ऑक्सिजनमध्ये प्रवाह वाढला आणि मूळ लॅकेसवर तसा वाढला नाही, तर दिशा जमली. शेवटी मध्यस्थ म्हणून एबीटीएस घाला. प्रवाह खूप उसळला तर पाठमोरे रेणू अजून बरेच आहेत.

आकडा खरा वाटतो का हे ताडायला मागच्या पानावर एक हिशेब ठेवा. एका एन्झाइमला ५ × ५ नॅनोमीटर जागा लागते असं धरा. सपाट १ चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४ लाख कोटी रेणू मावतात, म्हणजे साधारण ६.६ पिकोमोल. प्रत्येकाने सेकंदाला १० ऑक्सिजन रेणू संपवले आणि दर रेणूला ४ इलेक्ट्रॉन लागले तर प्रवाह साधारण २५ मायक्रोअँपियर. सपाट सोन्यावर याच्या कितीतरी पट आकडा मिळाला तर आनंदाआधी गळतं तांबं शोधा. खडबडीत कार्बनचं खरं क्षेत्रफळ मोठं असतं, तिथे तेही मोजावं लागतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे इलेक्ट्रोडच वगळून प्रकाशाला कामाला लावणं. २०१८ मध्ये चीनमधल्या एका गटाने पिवळ्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या वर्णकात बेन्झोफिनोन असलेलं आम्ल बसवलं, बाजूला सिस्टीनवर निकेल-टरपिरिडिन जोडलं आणि प्रकाशात कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड करून दाखवला. त्यात अनैसर्गिक आम्ल दोरीसारखं नुसतं बांधायला नव्हतं. प्रकाश पकडण्याचं कामच त्याच्याकडे होतं. मला स्वतःला ही दिशा जास्त आशेची वाटते.

पदार्थ बनवताना गणित बदलतं

एन्झाइमला एक अझाइड पुरतं, जेलला पुरत नाही. जाळं विणायचं तर एका साखळीवर दहा, वीस, तीस जागा हव्यात. प्रत्येक टीएजी ओलांडण्याचं यश ८० टक्के असेल तर दहा जागांनंतर पूर्ण साखळ्या उरतात ११ टक्के, आणि तीस जागांनंतर हजारात एक. तेच यश ९८ टक्के झालं तर तीस जागांनंतरही ५५ टक्के. म्हणून इथे आरएफ-१ नसलेला वाण आणि सुधारलेलं सिंथेटेज ही चैन राहत नाही. २०१५ मध्ये अशाच वाणात सिंथेटेज उत्क्रांत करून इलास्टिनसारख्या एका साखळीत तीस अनैसर्गिक आम्लं बसवली गेली.

दुसरा मार्ग डेव्हिड टिरेल यांच्या गटाने रुळवलेला, कोडॉनला हात न लावण्याचा. मेथिओनीन स्वतः बनवू न शकणारा वाण घ्या, पेशी धुवून मेथिओनीन संपवा आणि अझिडोहोमोअॅलनीन द्या. पेशीचं स्वतःचंच सिंथेटेज फसतं आणि सगळ्या मेथिओनीनच्या जागी अझाइड येतं. स्वस्त आणि भरपूर. पण सुरुवातीचं मेथिओनीनसुद्धा बदलतं, आणि बदल टक्क्यांत होतो, शंभर टक्के नाही. ल्युसीनच्या जागी ट्रायफ्लुरोल्युसीन घालून एकमेकींभोवती पीळ घातलेल्या प्रथिनसाखळ्यांची उष्णतेतली टिकाऊ शक्ती वाढवली गेली तीही याच पद्धतीने. साखळ्यांचं मिश्रण चालत असेल तर हा मार्ग घ्या, नेमकी जागा हवी असेल तर अँबरचा.

इलास्टिनसारखी साखळी पहिल्या जेलसाठी सोयीची. व्हॅलीन-प्रोलीन-ग्लायसीन-कोणतंही (प्रोलीन सोडून)-ग्लायसीन या पाच आम्लांची ती पुनरावृत्ती असते. तापवली की साखळ्या एकत्र येऊन खाली बसतात, थंड केली की पुन्हा विरघळतात, त्यामुळे स्तंभाशिवाय शुद्ध होते. चौथी जागा आपली. पण तिथे जलद्वेष्टं वलय आलं की हे तापमान घसरतं, कधी खोलीच्या तापमानाखाली. शुद्धीकरणाआधी थोड्या नमुन्यावर गढूळपणा कोणत्या तापमानाला येतो ते मोजा, नाहीतर पेशी फोडतानाच प्रथिन गाळात जाईल. जाळं विणण्यासाठी दोन किंवा अधिक टोकांचं सायक्लोऑक्टाइन घाला आणि ऱ्हिओमीटरवर साठवण मापांक (घन पदार्थासारखा ताठपणा) क्षय मापांकाच्या (द्रवासारख्या वाहण्याच्या) वर जातो का पाहा. जोडणारं रसायन न घातलेला नमुना बाजूला हवाच, कारण ही साखळी तापमानानेही घट्ट होते आणि ते जेल समजलं जातं.

पाण्याखाली चिकटणारं काही हवं असेल तर शिंपल्यांचं डोपा, म्हणजे कॅटेकॉल असलेलं अमिनो आम्ल. इथे खरी अडचण आम्ल बसवण्याची नाही, टिकवण्याची आहे. उदासीन किंवा अल्कधर्मी बफरमध्ये डोपाचं क्विनोन होतं, द्रावण तपकिरी पडतं आणि प्रथिनं नको तिथे एकमेकांना जोडली जातात. शुद्धीकरण आम्लधर्मी बफरमध्ये करा, अॅस्कॉर्बेट घाला, हवा टाळा. त्याहून बरा उपाय झाकलेल्या डोपाचा. कॅटेकॉलवर ऑर्थो-नायट्रोबेन्झिलची टोपी घालून तसंच आम्ल बसवायचं आणि चिकटवायच्या क्षणी ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने टोपी उडवायची. २०१७ मध्ये शिंपल्याच्या प्रथिनावर हे करून दाखवलं गेलं. मात्र टोपी असलेलं आम्ल पाण्यात कमी विरघळतं, आणि प्रयोगशाळेतला साधा दिवाही ती हळूहळू काढतो. कल्चरपासून पृष्ठभागावर लावेपर्यंत लाल किंवा पिवळ्या प्रकाशात काम करा. चिकटपणा मोजताना टोपी न काढलेल्या नमुन्याचे दोन तुकडे त्याच दिवशी, त्याच वजनाखाली ओढून पाहा.